नाशिकच्या गच्चीसाठी काँक्रीटची उष्णतावाहकता कशी काढावी

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना स्लॅबचा स्वभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि रात्री गच्चीवर वारा सुटला तरी खालच्या खोलीतले छत दहा-अकरा वाजेपर्यंत ऊब सोडत राहते. मग घरमालक उपाय शोधू लागतो, आणि कोणीतरी त्याला कोष्टकातला एक आकडा सांगतो: आरसीसीची उष्णतावाहकता १.५८. हा आकडा चुकीचा नाही. भारतीय मानक ब्युरोच्या १९८७ च्या ‘एसपी ४१’ या पुस्तिकेत घनमीटरला २२८८ किलो घनतेच्या आरसीसीसमोर तोच दिलेला आहे. मात्र आपल्या गच्चीवर जे काँक्रीट आहे ते किती ओले आहे, त्यात पोकळी किती आहे आणि ते कोणत्या खडीचे आहे, याचे उत्तर त्या आकड्यात नसते. पुढे दिलेली रीत ही उत्तरे तराजू, बादली आणि ओव्हन वापरून मिळवण्याची आहे, आणि मिळालेल्या आकड्यावरून गच्चीवर कोणता थर किती जाडीचा टाकावा हे ठरवण्याची आहे.

उष्णतावाहकता म्हणजे काय, हे एकदा नीट सांगून घेतो. एक मीटर जाडीच्या पदार्थाच्या दोन बाजूंच्या तापमानात एक अंशाचा फरक ठेवला, तर त्याच्या एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला जितके ज्यूल उष्णता पलीकडे जाते तो त्याचा आकडा. त्याचे एकक वॅट प्रति मीटर केल्व्हिन. पुढे ते प्रत्येक वेळी लिहिलेले नाही. स्थिर हवेचा आकडा ०.०२६ आहे, पाण्याचा ०.६, बर्फाचा सुमारे २.२, आणि क्वार्ट्झ या खनिजाचा सरासरीने सात-आठ. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, यांच्या मध्ये कुठेतरी दोनच्या आसपास बसतो. काँक्रीट हे दगड, सिमेंटचा लगदा, हवा आणि पाणी यांचे मिश्रण असल्यामुळे या आकड्यांची उतरंड डोक्यात पक्की असली, की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

ओल

तीन घटकांपैकी ओलीकडे सर्वांत आधी पाहावे, कारण दगड आणि पोकळी ओतल्यानंतर बदलत नाहीत, ओल मात्र दर महिन्याला बदलते. कोरड्या काँक्रीटच्या छिद्रांत हवा असते. पाऊस पडला, टाकी गळली किंवा नवीन कामावर पाणी मारले, की त्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेपेक्षा तेवीस पटीने अधिक उष्णता वाहते. एवढ्यावर भागत नाही. छिद्रांच्या अरुंद कोपऱ्यांत आणि खडी व सिमेंट यांच्यामधल्या बारीक फटींत पाणी प्रथम साचते, आणि जिथे उष्णतेचा रस्ता तुटलेला होता तिथेच ते पूल बांधते. शिवाय तापलेल्या बाजूला पाण्याची वाफ होते, ती छिद्रांतून थंड बाजूकडे सरकते, तिथे पुन्हा पाणी होते आणि सोबत आणलेली उष्णता तिथे टाकते. त्यामुळे ओलीचा परिणाम निव्वळ आकारमानाच्या हिशेबाने निघतो त्याहून मोठा असतो.

कामापुरता नियम असा: कोरड्या वजनाच्या तुलनेत ओल एक टक्क्याने वाढली, की वाहकता चार ते सहा टक्क्यांनी वाढते. हलक्या आणि सच्छिद्र काँक्रीटमध्ये ही वाढ फार जाणवते, कारण तिथे पाण्याला शिरायला जागाच भरपूर असते. घन काँक्रीट वजनाच्या पाच-सहा टक्क्यांहून अधिक पाणी सहसा घेऊ शकत नाही. फेस मिसळून केलेले फोम काँक्रीट किंवा एएसी, म्हणजे कारखान्यात वाफेवर पक्के केलेले हलके, सच्छिद्र ब्लॉक मात्र वीस-तीस टक्क्यांपर्यंत सहज पोहोचतात. कारखान्यातून नुकताच आलेला एएसी ब्लॉक हातात घेतला की थंडगार लागतो तो याचमुळे; त्यात वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि भिंतीत बसून पाच टक्क्यांपर्यंत उतरायला त्याला बरेच महिने लागतात. त्याच्या पाकिटावर छापलेला आकडा कोरड्या ब्लॉकचा असतो. पहिल्या उन्हाळ्यात घर अपेक्षेइतके थंड राहिले नाही म्हणून ब्लॉकला नावे ठेवणारे लोक भेटतात, तेव्हा मी त्यांना दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो: संध्याकाळी गच्चीवर पाणी मारले की खोली थंड होते, मग ओला स्लॅब वाईट कसा? थंड होते हे खरे आहे, पण ते श्रेय बाष्पीभवनाचे आहे. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते, आणि ती पृष्ठभागातून ओढली जाते. हे काम पृष्ठभागावर पसरलेले आणि उघड्या हवेला लागलेले पाणी करते. जलरोधक थराखाली, टाइलखाली किंवा कोब्याच्या पोटात अडकलेल्या पाण्याला उडायला वाट नसते. ते फक्त उष्णता खाली पोचवण्याचे काम करते.

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या भागात द्राक्षांसाठी शीतगृहे बांधणाऱ्यांनी हाच मुद्दा उलट दिशेने लक्षात ठेवावा. तिथे थंडी आत असते, त्यामुळे बाष्प बाहेरच्या उबदार हवेतून आतल्या गार भिंतीकडे सरकते आणि उष्णतारोधक थराच्या पोटात पाणी होऊन साचते. तापमान शून्याखाली असेल तर त्याचे बर्फ होते, आणि बर्फ पाण्याच्याही साडेतीन पट उष्णता वाहतो. म्हणून तिथे बाष्परोधक पडदा नेहमी बाहेरच्या, म्हणजे उबदार बाजूला लावावा लागतो. आतून कितीही चकचकीत रंग दिला तरी या चुकीची भरपाई होत नाही.

पोकळी

पोकळी वाढली की वाहकता घटते, हे सर्वांना माहीत असते. किती घटते, हे फारसे कोणी काढत नाही. एकमेकांपासून सुट्या, हवेने भरलेल्या गोल पोकळ्यांसाठी मॅक्सवेलच्या सूत्राचे सोपे रूप वापरता येते: पोकळीचा भाग एकमधून वजा करावा, आणि त्याला ‘एक अधिक पोकळीच्या निम्मे’ या संख्येने भागावे. पोकळी १० टक्के असेल तर ०.९० भागिले १.०५, म्हणजे घन पदार्थाच्या वाहकतेचे ०.८६ उरते. २० टक्क्यांना ०.७३ उरते आणि ७० टक्क्यांना केवळ ०.२२. म्हणजे साध्या स्लॅबच्या काँक्रीटमध्ये दोन-चार टक्के हवा अधिक अडकल्याने फारसा फरक पडत नाही. मोठा फरक हवा असेल तर निम्म्याहून अधिक आकारमान हवेचे करावे लागते, आणि ते काम फोम काँक्रीट किंवा एएसी यांचेच आहे.

मात्र पोकळी आणि पोकळी यांत फरक असतो. सिमेंटच्या लगद्यात नॅनोमीटरच्या मापाची सूक्ष्म छिद्रे असतात. हवेच्या रेणूला एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत सरासरी ७० नॅनोमीटर अंतर मिळते. त्याहून लहान छिद्रात हवा नेहमीपेक्षाही कमी उष्णता वाहते. त्यावरच्या मापाची केशिका छिद्रे जादा पाण्याने तयार होतात. सिमेंटची रासायनिक क्रिया पूर्ण व्हायला पाणी-सिमेंट गुणोत्तर साधारण ०.४२ पुरते, त्याहून जास्त घातलेले पाणी निघून जाते आणि मागे एकमेकांना जोडलेल्या वाटा सोडते. फेसाने बनलेले बुडबुडे मिलिमीटरपर्यंतचे आणि बहुतांशी सुटे असतात. व्हायब्रेटर न फिरवल्याने राहिलेल्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ्या याहून मोठ्या असतात, आणि त्यांच्यातून पाणी सरळ सळईपर्यंत जाते.

यावरून एक पळवाट बंद होते. काँक्रीट पातळ केले, बादलीभर पाणी जास्त घातले, तर पोकळी वाढेल आणि स्लॅब कमी तापेल, असा तर्क मी एका मुकादमाच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्याने तो गंभीरपणे मांडला होता. उन्हाळ्यात कोरडे असताना आकडा थोडा उतरेल हे कबूल, पण ताकद जाईल, आणि त्या जोडलेल्या वाटा पहिल्याच पावसात पाण्याने भरतील. उष्णता अडवण्यासाठी सुटी, बंद पोकळी उपयोगी. जोडलेली पोकळी म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रण.

बंद की जोडलेली हे ओळखायला यंत्र लागत नाही. फोम काँक्रीटचा किंवा ब्लॉकचा मूठभर तुकडा कोरडा करून वजन घ्यावे, तो पाण्यात दाबून ठेवावा आणि एक तास, एक दिवस व सात दिवस झाल्यावर बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वजन करावे. पहिल्या तासातच बहुतेक पाणी आत गेले, तर वाटा जोडलेल्या आहेत. वजन हळूहळू चढत राहिले, तर बुडबुडे बऱ्याच अंशी बंद आहेत. दोन पुरवठादारांचे नमुने एकाच बादलीत शेजारी ठेवले की त्यांच्या माहितीपत्रकांपेक्षा अधिक माहिती मिळते.

मिश्रण

घन काँक्रीटच्या आकारमानाचा साठ ते पंचाहत्तर टक्के भाग खडी आणि वाळूचा असतो, म्हणून मिश्रणातला निर्णायक घटक दगड हाच आहे. सिमेंटची प्रत त्या मानाने दुय्यम. पाण्याने भरलेल्या अवस्थेत क्वार्ट्झाइटच्या खडीचे काँक्रीट सुमारे ३.५ वाहकतेचे असते, चुनखडीचे २.६ ते ३.३, ग्रॅनाइटचे २.६ ते २.७ आणि बेसॉल्टचे १.९ ते २.२. नाशिकच्या आसपासच्या खाणींतून येणारी खडी ही बेसॉल्टचीच असते, ज्या दगडात पांडवलेणी कोरली आहेत त्याच जातीची. त्यामुळे या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतो. क्रश सँडही त्याच दगडाची असेल तर हा फायदा टिकतो. क्वार्ट्झ भरपूर असलेली नदीची वाळू दुरून आणून घातली तर आकडा वर सरकतो. दुसऱ्या राज्यातल्या ग्रॅनाइटच्या काँक्रीटवर मोजलेला आकडा आपल्या स्लॅबला जसाच्या तसा लावू नये, याचेही कारण हेच.

काळ्या दगडातही प्रकार आहेत. काही थर अखंड आणि घट्ट असतात, तर काहींत वायूच्या बुडबुड्यांच्या जागी जिओलाइटसारखी खनिजे भरलेली असतात, ज्यांच्या स्फटिकांसाठी नाशिकच्या खाणी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. असा दगड कमी वाहक असला तरी स्लॅबसाठी घेऊ नये. तो पाणी शोषतो आणि ताकदीला कमी पडतो. संग्रहात ठेवायला मात्र उत्तम.

सिमेंटमध्ये राख मिसळल्याने लगद्याची वाहकता थोडी उतरते. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रामुळे फ्लाय ॲश हा शब्द नाशिकच्या बांधकामांत परका नाही, आणि टिकाऊपणासाठी ती घालणे योग्यच आहे. पण बहुतेक आकारमान खडीचे असताना केवळ राखेने स्लॅब थंड राहील अशी अपेक्षा धरू नये. थर्मोकोलचे मणी, फुगवलेली माती, पर्लाइट किंवा फेस घातला, तरच आकडा खऱ्या अर्थाने खाली येतो, आणि तसे काँक्रीट भार पेलण्यासाठी नसते. सळईची वाहकता पन्नासच्या आसपास असली तरी स्लॅबमध्ये ती आडवी असते आणि उष्णता उभी जाते, म्हणून तिचा परिणाम किरकोळ राहतो.

तुकड्यावरून आकडा काढणे

आपल्या काँक्रीटचा साधारण दोन लिटर आकारमानाचा तुकडा घ्यावा. नवीन काम असेल तर ओततानाच जादा क्यूब भरून ठेवावा; जुन्या गच्चीवर थरातून कोअर, म्हणजे यंत्राने कापलेला दंडगोल तुकडा, काढता येतो, पण मुख्य स्लॅबमधून स्वतःच्या मनाने कोअर काढू नये, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. तुकडा बाहेर येताच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि लगेच वजन करावे. हे झाले सापडल्या स्थितीतले वजन. कोअर काढताना पाणी वापरले असेल तर हे वजन निरुपयोगी ठरते, म्हणून ओलीसाठी छिन्नीने फोडलेला वेगळा तुकडा घेणे चांगले.

त्यानंतर तुकडा दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवावा, वजन थांबेपर्यंत. पाण्यात लटकवून एक वजन घ्यावे, बाहेर काढून पृष्ठभाग पुसून दुसरे. मग १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून दर चोवीस तासांनी वजन करावे आणि लागोपाठच्या दोन वजनांतला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला की तुकडा कोरडा समजावा. ओला तुकडा एकदम कडक तापलेल्या ओव्हनमध्ये टाकू नये. घट्ट काँक्रीट आतल्या वाफेने फुटू शकते. आधी साठ अंशांवर एक दिवस, मग चढवत जावे. घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हा उद्योग करू नये, कारण तापमानही नेमके राहत नाही आणि घरातली शांतताही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, किंवा दिंडोरी रोडवरच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी, जिला सगळे नाशिककर ‘मेरी’ म्हणतात, अशा कामाची साधने असतात.

उदाहरणासाठी काही आकडे धरू. सापडल्या स्थितीतले वजन ४.७३८ किलो, पाण्याने भरल्यावर बाहेरचे ४.८५० किलो, पाण्यात लटकवून २.८३० किलो आणि कोरडे ४.६०० किलो. बाहेरच्या आणि पाण्यातल्या वजनांतला फरक २.०२० किलो, म्हणजे आकारमान २.०२ लिटर, कोरडी घनता घनमीटरला २२७७ किलो. भरलेल्या आणि कोरड्या वजनांतला फरक २५० ग्रॅम, म्हणजे २.०२ लिटरमध्ये पाव लिटर जागा पाण्याला खुली. खुली सच्छिद्रता १२.४ टक्के. सापडल्या स्थितीत पाणी १३८ ग्रॅम होते, म्हणजे कोरड्या वजनाच्या ३ टक्के.

आता घनतेवरून वाहकता काढणारे वॅलोरे यांचे सूत्र लावायचे. कोरड्या घनतेला ०.००१२५ ने गुणावे. येणाऱ्या संख्येचा ई या स्थिरांकावर घात घ्यावा, म्हणजे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ई-घातांकाचे बटण दाबावे, आणि उत्तराला ०.०७२ ने गुणावे. आपल्या तुकड्यासाठी गुणाकार २.८४६ येतो, त्याचा घात १७.२ आणि कोरडी वाहकता १.२४. तीन टक्के ओलीसाठी बारा ते अठरा टक्के वाढवले की १.३९ ते १.४६. हे सूत्र घनता पाहते, दगडाची जात पाहत नाही, आणि घन काँक्रीटला ते थोडा कमीच आकडा देते. म्हणून बेसॉल्टच्या साध्या काँक्रीटसाठी मी १.४ ते १.६ धरतो आणि पुढे जातो. हलक्या काँक्रीटला सूत्र अधिक जवळचे उत्तर देते: घनता ६०० असेल तर ०.१५, १००० असेल तर ०.२५, १६०० असेल तर ०.५३. पडताळ्यासाठी आयएस २१८५ या भारतीय मानकाचा भाग ३ पाहावा. त्यात ५५१ ते ६५० घनतेच्या एएसी ब्लॉकची हवेत वाळलेल्या स्थितीतली वाहकता ०.२४ च्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. उत्तर याच्या दुप्पट आले, तर तराजू किंवा दशांशचिन्ह चुकले आहे.

आकडा गच्चीला लावणे

छतातून जाणारी उष्णता एकट्या काँक्रीटवर ठरत नाही. प्रत्येक थराची मीटरमधली जाडी त्याच्या वाहकतेने भागली की त्या थराचा रोध मिळतो. त्यात छताखालच्या हवेचा ०.१७ आणि गच्चीवरच्या हवेचा ०.०४ मिळवावा आणि एकला त्या बेरजेने भागावे, हे यू-मूल्य, म्हणजे एक अंशाच्या फरकाला छताच्या एका चौरस मीटरमधून जाणारे वॅट. २०१८ च्या इको-निवास संहितेने, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या राष्ट्रीय नियमावलीने, निवासी छतासाठी हे १.२ च्या वर नसावे असे म्हटले आहे.

१२५ मिलिमीटरच्या उघड्या स्लॅबचा रोध १.५८ वाहकतेने ०.०७९ येतो, एकूण ०.२८९, आणि यू-मूल्य ३.४६. आता मजा पाहावी. स्लॅब अगदी कोरडा, १.३ वाहकतेचा धरला तर ३.२७ येते, चिंब भिजलेला, १.९ वाहकतेचा धरला तर ३.६३. वाहकता शेकडा ४६ ने वाढली, पण छतातून जाणारी उष्णता अवघी शेकडा ११ ने. इतक्या पातळ थरात काँक्रीटचा स्वतःचा रोध मुळातच नगण्य असतो. बरीचशी अडवणूक छताच्या वर आणि खाली चिकटलेले हवेचे पापुद्रे करतात. म्हणून मुख्य स्लॅबची खडी, राख किंवा पोकळी बदलून खोली थंड करण्याच्या खटपटीत पैसे घालू नयेत. त्या स्लॅबकडून ताकद घ्यावी, उष्णतेचे काम दुसऱ्या थरावर सोपवावे.

तो दुसरा थर म्हणजे आपल्याकडचा विटांच्या तुकड्यांचा कोबा असे अनेकजण समजतात. कोब्याची वाहकता ०.८ च्या आसपास धरली तर १०० मिलिमीटरने रोध ०.१२५ वाढतो आणि यू-मूल्य २.४१ वर येते. काहीच नसण्यापेक्षा बरे, पण चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन घालून मिळालेले हे फळ आहे. कोबा उतार द्यायला आणि पाणी काढायला चांगला. त्याला उष्णतारोधक म्हणून विकत घेऊ नये.

त्याऐवजी ७०४ घनतेचे फोम काँक्रीट, कोरडी वाहकता ०.१४९, १०० मिलिमीटर जाडीचे टाकले, तर रोध ०.६७ वाढतो आणि यू-मूल्य १.०४ होते, संहितेच्या मर्यादेच्या आत. वजन चौरस मीटरला सत्तर किलो. पण याच थरात पावसाळ्यात वजनाच्या वीस टक्के पाणी शिरले, तर टक्क्यामागे सहा टक्के वाढीच्या हिशेबाने वाहकता दुपटीहून वर, ०.३३ पर्यंत जाते आणि यू-मूल्य १.६८ होते. कागदावर पास झालेले छत प्रत्यक्षात नापास. उलट बाजूने हिशेब केला तर कळते, की हा थर मर्यादेच्या आत राहण्यासाठी त्यात चार-पाच टक्क्यांहून अधिक ओल चालत नाही. जाडी १२५ मिलिमीटर केली तर हीच सवलत नऊ ते अकरा टक्क्यांपर्यंत वाढते. मी नेहमी जादा पंचवीस मिलिमीटरचा सल्ला देतो, आणि तो कोरड्या हिशेबासाठी नसून चुकून शिरणाऱ्या पाण्यासाठी असतो. इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरच्या पावसात बांधणाऱ्यांनी तर ही सवलत सोडूच नये.

थर कधी ओतावा

ओतताना फोम काँक्रीटमध्ये स्वतःचेच भरपूर पाणी असते. एका बाजूने वाळणाऱ्या काँक्रीटला जाडीच्या दर पंचवीस मिलिमीटरला साधारण एक महिना लागतो, असा ढोबळ नियम आहे. १०० मिलिमीटरच्या थराला चार महिने. नाशिकमध्ये पाऊस जूनमध्ये येतो. म्हणजे थर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत ओतला, पहिला आठवडा पाणी मारून झाकून ठेवला आणि नंतर मार्च ते मे या कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत उघडा सोडला, तरच जलरोधक थर टाकेपर्यंत तो वाळतो. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत, पारा पाच अंशांच्या आसपास असताना, फेस आणि सिमेंट दोन्ही मंदावतात, म्हणून तिकडे डिसेंबर-जानेवारी टाळावे. मे महिन्यात ओतून जूनच्या पहिल्या आठवड्यात घाईने वॉटरप्रूफिंग करणे हा सर्वांत वाईट क्रम आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत रूढही, कारण गच्चीची आठवण लोकांना उकाडा सुरू झाल्यावरच होते. असे अडकलेले पाणी वर्षानुवर्षे तिथेच राहते. घाई टाळता येत नसेल, तर वरच्या थरातून बाष्प बाहेर जाण्यासाठी पावसापासून झाकलेल्या श्वासनळ्या ठेवाव्यात.

वाळले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. पृष्ठभाग पांढरा पडतो तेव्हा आत पाणी असतेच. एक चौरस मीटर प्लॅस्टिकचा कागद थरावर चारही कडांनी चिकटपट्टीने चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या खालच्या बाजूला घाम दिसला, तर थांबावे. याहून नेमका उपाय म्हणजे साक्षीदार ठोकळा. थर ओतताना त्याच मिश्रणाचा, त्याच जाडीचा ठोकळा भरावा, त्याच्या चारही बाजू आणि तळ इपॉक्सीने किंवा मेणाने बंद करावेत, म्हणजे तो गच्चीसारखाच फक्त वरून वाळेल, आणि तो गच्चीवरच ठेवून दर पंधरा दिवसांनी वजन करावे. बाजू बंद केल्या नाहीत तर ठोकळा चहूबाजूंनी वाळून खोटी साक्ष देतो. सोबत ओतलेला दुसरा, न झाकलेला तुकडा ओव्हनमध्ये वाळवून कोरडी घनता काढली, की साक्षीदाराच्या प्रत्येक वजनावरून ओलीचा टक्का आणि त्यावरून वाहकता थेट मांडता येते. हाच ठोकळा नंतर जलरोधक थराखाली एका छोट्या झाकणाच्या खोबणीत ठेवला, तर दर सप्टेंबरात आणि दर मार्चमध्ये त्याचे वजन करून पावसाने किती पाणी आत घातले ते कळते. दोन वजनांत फरक वाढू लागला, की गळती छतावर डाग पडण्याच्या आधीच सापडते.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर

शीतगृह किंवा मोठ्या इमारतीसाठी हिशेबाच्या आकड्यावर थांबू नये, मोजून घ्यावे. आयएस ३३४६ मधल्या संरक्षित तप्त पट्टीच्या पद्धतीत दोन सारख्या फरश्यांच्या मध्ये तापवलेली पट्टी ठेवून, तापमान स्थिर झाल्यावर किती वॅट लागतात ते पाहतात. कोरड्या नमुन्यासाठी ही पद्धत भरवशाची. ओल्या नमुन्यासाठी मात्र तीत अडचण आहे: तापमान स्थिर व्हायला कित्येक तास लागतात, आणि तेवढ्या वेळात पाणी तापलेल्या बाजूकडून गार बाजूकडे सरकते, शेवटी मोजला जातो तो नमुना दिलेला नमुना उरत नाही. म्हणून ओल्या स्थितीतला आकडा हवा असेल तर तापलेली तार किंवा पातळ चकती काही सेकंदच तापवून तापमानाचा चढ पाहणारी क्षणिक पद्धत मागावी. अहवाल हातात आल्यावर त्यात चाचणीच्या वेळची ओल, कोरडी घनता आणि सरासरी तापमान या तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते आधी पाहावे; नसतील, तर अहवाल परत देऊन त्या लिहून मागाव्यात, आणि पैसे त्यानंतर द्यावेत.